दम लागत नाही, म्हणून

मायोसायटिसचा, म्हणजे स्नायूंना, कधी हृदयालाही, सूज आणणाऱ्या आजाराचा रुग्ण दम लागत नाही म्हणाला, तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, असं मी निवासी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगतो. दम लागायला आधी चालावं लागतं. जमिनीवरून उठायला जिला सुनेचा हात लागतो, जिचं वावरात जाणंच सुटलंय, तिचं हृदय दुबळं झालं तरी तक्रार येणार कुठून?

म्हणून प्रश्न बदलावे लागतात. “मावशी, रात्री छातीत धडधडते का? डोळ्यांपुढं अंधारी येते का? उताणं झोपवतं का? वावर कशानं सुटलं, पायानं की दमानं?” शेवटच्या प्रश्नाला मी घाई करत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिराला राहते. पऱ्हाटीत कापूस वेचणं आणि निंदणाला उकिडवं बसणं यांत शरीराचा कस वेगवेगळा लागतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला असे प्रश्न सुचतात. अर्थात, आडवं झाल्यावर गुदमरलं की हृदयच बिघडलं असं नाही. श्वासपटल दुबळं असू शकतं, फुप्फुसातही आजार असू शकतो.

रक्ततपासणी इथे चकवते. सीके-एमबी हे एन्झाइम वाढलं की हृदय, हे समीकरण या आजारात चालत नाही. सुजून पुन्हा भरून येणारे हातापायांचे स्नायूही ते सोडतात. ट्रोपोनिन टी याच कारणानं वाढलेलं दिसतं. ट्रोपोनिन आय मात्र हृदयाशी जास्त प्रामाणिक. माझा भर त्याच्यावर.

ईसीजी स्वस्त, तालुक्यालाही निघतो, आणि विद्युतवहनातला अडथळा तक्रारीच्या आधी दाखवू शकतो. इको नॉर्मल आला तरी माझी शंका पुरती फिटत नाही: पंप नीट चालत असतानाही भिंतीत सूज असू शकते. ती सूज आणि जुने व्रण हृदयाच्या एमआरआयमध्ये दिसतात, पण तो खर्च प्रत्येक घराला पेलत नाही. ट्रोपोनिन आय वाढलेलं असेल, ईसीजी बदलला असेल किंवा धडधड खरी वाटली, तर मात्र मी एमआरआयचा आग्रह धरतो.

उपचारांनी सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम रक्तात उतरलं, हात वर जाऊ लागला, की घरचे स्टेरॉइड कमी करा म्हणतात. त्याआधी मी नवा ईसीजी जुन्याशेजारी ठेवतो. पीआर अंतर लांबलं, म्हणजे विद्युतवहन मंदावलं असेल, तर होल्टर लावून चोवीस तासांची नोंद पाहिल्याशिवाय गोळी कमी करत नाही.