फ्रिउलीची आजीबाई

भाषा लोप पावत चालल्या आहेत असा विषय निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन उपाय हटकून सुचविले जातात. एक, सरकारनें कायदा करावा. दुसरा, ती भाषा शाळेंत शिकवावी. आमचें सारें आयुष्य शाळा-कॉलेजांच्या भिंतींत गेलें असल्यामुळें दुसऱ्या उपायास कमी लेखण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु या दोहोंहून निराळा, आणि कोणत्याहि समितीच्या अहवालांत न आढळणारा असा एक उपाय आम्हीं इटलीच्या ईशान्य कोपऱ्यांतील एका स्वयंपाकघरांत प्रत्यक्ष पाहिला. घरांत एक अशी वडीलधारी व्यक्ति असावी कीं, जिचा सर्वांस धाक वाटावा आणि जिला दुसऱ्या कोणत्याहि भाषेंत वळवितां येऊं नये, हा तो उपाय होय.

आमचे धाकटे बंधु पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आहेत. अब्दुस सलाम यांनीं १९६४ सालीं त्रिएस्ते येथें स्थापिलेल्या सैद्धांतिक पदार्थविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रांत ते १९९८ सालीं गेले, तिकडेच राहिले, आणि २००३ सालीं फ्रिउली प्रांतांतील एका मुलीशीं त्यांनीं विवाह केला. आल्प्सच्या पायथ्यापासून एड्रियाटिक समुद्रापर्यंत उतरत गेलेला, आणि मधून ताल्यामेंतो नदीचें रुंद, गोट्यांनीं भरलेलें पात्र वाहणारा असा हा प्रांत आहे. आमच्या भावजयीचें माहेर जेमोना गांवाजवळच्या एका खेड्यांत. तिच्या आईची आई ही या लेखाची नायिका. तिकडच्या बोलींत आजीला ‘नोने’ म्हणतात. सारें खेडें त्यांस नोनेच म्हणे. आम्हीहि तसेंच म्हणूं.

२००५ सालच्या मे महिन्यांत आम्ही उभयतां प्रथम त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां नोनेंचें वय अठ्ठ्याहत्तर होतें. उंची बेताची, केस मागें घट्ट बांधलेले, काळ्या झग्यावर निळा एप्रन. ‘मांदि’ म्हणून त्यांनीं आमचें स्वागत केलें. तिकडे येतांनाहि ‘मांदि’ आणि जातांनाहि ‘मांदि’. ‘देवाच्या हातीं असा’ असा त्याचा अर्थ लोक लावतात. चुलीवर तांब्याच्या कढईंत मक्याचें पीठ रटरटत होतें. त्याची पोलेंता होईपर्यंत, म्हणजे चांगला पाऊण तास, नोने लांकडी दांड्यानें तें घोटीत उभ्या होत्या, आणि तितका वेळ घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. मग ती पोलेंता पाटावर उलथली, आणि आमच्या कुटुंबाचा हात ओढून घेऊन नोनेंनीं तिचा तळवा उजेडांत पाहिला. हात काम करणारा आहे अशी खात्री पटतांच पोलेंता कापावयाचा दोरा त्यांनीं तिच्या हातीं दिला. नंतर आमचाहि तळवा पाहिला, आणि कांहीं न बोलतां सोडून दिला.

त्यांचा दरारा घरापुरता नव्हता. एकदां एका नव्या पोस्टमननें रजिस्टर पत्रावर इटालियन भाषेंत सही मागितली, तेव्हां ‘मला समजत नाहीं’ असें सांगून त्यांनीं पत्र परत पाठविलें. पुढें तो गृहस्थ फाटकापासूनच त्यांच्या बोलींत हांक मारीत येऊं लागला. वास्तविक रोजचें वर्तमानपत्र त्या इटालियनमध्येंच वाचीत. परंतु त्या घराच्या उंबरठ्याच्या आंत बोलावयाची भाषा एकच, ती म्हणजे फुर्लान.

फुर्लान ही इटालियनची बिघडलेली आवृत्ति आहे असा समज खुद्द इटलींतहि आढळतो. तो खरा नाहीं. लॅटिनमध्यें किल्लीला ‘क्लाविस्’ म्हणत. इटालियननें त्याचें ‘क्यावे’ केलें, पण फुर्लानमध्यें तें ‘क्लाफ’ राहिलें. फुलाला इटालियन माणूस ‘फ्योरे’ म्हणतो, फुर्लान माणूस ‘फ्लोर’. अनेकवचनाच्या शेवटचा लॅटिन ‘स’ इटालियनला टिकवितां आला नाहीं. फुर्लाननें तो जपला आहे. संस्कृताचेहि व्यासंगी असलेले भाषापंडित ग्राझियादियो आस्कोली हे याच भागांतल्या गोरित्सिया शहरचे. त्यांनीं १८७३ सालीं फुर्लानची गणना आल्प्समधील तिच्या भगिनीभाषांबरोबर स्वतंत्र गटांत केली. त्यापूर्वीं साडेपांचशें वर्षें डांटेनें लोकभाषांवरील आपल्या लॅटिन ग्रंथांत या लोकांच्या ‘काय करतोस?’ असें विचारण्याच्या कर्कश ढंगाची टर उडविली होती. १९१९ सालीं फ्रिउलीच्या भाषाभिमान्यांनीं एक भाषामंडळ स्थापिलें, आणि आपल्या नियतकालिकास त्यांनीं तोच प्रश्न नांव म्हणून दिला: ‘चे फास्तु?’ नोनेंस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. परंतु ही युक्ति त्यांस खासच आवडली असती.

पहिल्याच भेटींत एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली आणि तिचा उलगडा होईना. नोने आपल्या मुलीशीं, म्हणजे आमच्या विहीणबाईंशीं, फुर्लानमध्यें बोलत. विहीणबाई उत्तर देत तें इटालियनमध्यें. दोघींस दोन्ही भाषा समजत, संभाषण कोठें अडत नसे, आणि तरी एकाच ओट्यापाशीं उभ्या असलेल्या मायलेकी दोन कांठांवरून बोलत आहेत असें वाटे. विहीणबाई आयुष्यभर शाळेंत शिक्षिका होत्या, आणि त्यांची इटालियन अतिशय शुद्ध होती.

२००६ सालीं आमच्या पुतणीचा जन्म झाला. आमच्या बंधूंनीं तिच्याशीं मराठींत बोलावयाचें, भावजयीनें इटालियनमध्यें, असें ठरलें होतें. तिसऱ्या भाषेचा विचार कोणीं केला नव्हता. पण आईवडील दोघेहि नोकरीवर. मूल दिवसभर पणजीपाशीं. आणि पणजीनें तर कोणास विचारलें नव्हतें. मुलीचा गोंधळ होईल, ती शाळेंत मागें पडेल, अशी हरकत विहीणबाईंनीं घेतली. नोनेंनीं ती ऐकून घेतली आणि मुलीला फुर्लानमध्यें जेवावयास बोलाविलें. २०१० सालीं आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां चार वर्षांची ती पोर नोनेंचें बोलणें आम्हांस सरळ मराठींत सांगत होती. मध्यें ना इटालियन, ना इंग्रजी. या दोन भाषांमधला असा दुभाषी जगांत दुसरा असल्यास तो आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. फुर्लानमध्यें वडील माणसांस आदरार्थीं ‘वो’ म्हणण्याची जुनी रीत आहे. पुतणी आईबापांस इटालियन रीतीनें ‘तू’ म्हणे, आणि नोनेंस मात्र ‘वो’. आम्हांस ती ‘तुम्ही’ म्हणे. हें तिला कसें उमगलें, असें बंधूंस विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “नोनेंमुळें. मोठ्या माणसाला निराळें म्हणायचें असतें, हें तिला तिकडून कळलें.”

१९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्यानें फुर्लानसह बारा अल्पसंख्य भाषांस इटलीनें मान्यता दिली आहे, आणि पालकांची इच्छा असल्यास तेथील शाळांतून ती शिकवितात. पुतणीनें शाळेंतून फुर्लानचें एक रंगीत पुस्तक आणलें. दीर्घ स्वर दाखविण्यासाठीं त्यांत अक्षरांवर टोपीसारखी खूण होती. नोनेंनीं चष्मा लावून पुस्तक चाळलें आणि विचारलें, “या ‘आ’ला टोपी कोणीं घातली? माझ्या आईनें तर नव्हती घातली.” त्यांचा फुर्लानचा अभिमान असा कडवा, पण फार थोड्या मैलांचा होता. १९७६ सालच्या ६ मे रोजीं रात्रीं नऊ वाजतां झालेल्या भूकंपांत या प्रांतांत हजाराच्या जवळपास माणसें दगावलीं. सप्टेंबरांत पुन्हां धक्के बसले, तेव्हां बेघर झालेल्या हजारों लोकांस हिंवाळ्यापुरतें समुद्रकांठच्या हॉटेलांत नेण्यांत आलें. नोनेंचें घर पडलेलें. त्यांनींहि तो हिंवाळा लिन्यानो येथील एका हॉटेलांत काढला. त्या दिवसांविषयीं त्यांच्या दोनच तक्रारी होत्या. पहिली, दुसऱ्यानें रांधलेलें अन्न महिनोन्‌महिने खावें लागलें. दुसरी, शेजारच्या खोलींतलीं माणसें ताल्यामेंतोपलीकडचीं होतीं, आणि घराला ‘च्यासे’ न म्हणतां ‘च्यासा’ म्हणत! दर बारा कोसांवर भाषा बदलते असें आपण म्हणतों. नोनेंच्या मतें ती बारा कोसांवर बिघडत असे. पासोलीनी या विख्यात कवीनें आपल्या आईच्या कासार्सा गांवच्या फुर्लानमध्यें १९४२ सालीं कवितासंग्रह काढला, हें आम्हीं मोठ्या उत्साहानें सांगितलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “कासार्सा ना? पाण्यापलीकडचें.”

मायलेकींच्या दोन भाषांचा उलगडा २०१६ च्या उन्हाळ्यांत झाला. दुपारच्या जेवणानंतर आम्हीं पुतणीमार्फत नोनेंस विचारलें कीं, पणतीशीं तुम्ही हट्टानें फुर्लान बोलतां, मग मुलीला ती कां दिली नाहीं? विहीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून भांडीं विसळीत होत्या. नोने बराच वेळ गप्प राहिल्या; मग बोलूं लागल्या, आणि दहा वर्षांची पोर एकेक वाक्य मराठींत सांगूं लागली. नोने लहान असतांना फॅसिस्ट राजवट होती. शाळेंत फुर्लान शब्द तोंडून निघाला कीं शिक्षा होई. पुढें मुलगी शाळेंत जाऊं लागली त्या १९५८ सालीं शिक्षा गेली होती, पण शिक्षिकेनें आयांना बोलावून समजाविलें कीं, मुलांचें भलें व्हावें असें वाटत असेल तर घरीं इटालियन बोला. नोनेंनीं ऐकलें. “माझी इटालियन उसनी, तीहि मोडकी. तिच्यांत कामें सांगतां येत. लाड करतां येत नसत, धड रागावतांहि येत नसे. बारा वर्षें तसें बोललें. मग एके दिवशीं हिच्या कॉलेजच्या मैत्रिणी घरीं आल्या होत्या...” येथें नोने पुढें बोलत राहिल्या, पण पुतणी थांबली. तिनें ओट्याकडे पाहिलें, आणि आम्हांस म्हणाली, “मोठे काका, हें मी सांगणार नाहीं.” विहीणबाईंनीं नळ बंद केला, हात पुसले आणि त्या अंगणांत निघून गेल्या.

उरलेलें रात्रीं भावजयीनें सांगितलें. मैत्रिणींसमोर नोनेंच्या बोलण्यांत क्रियापद चुकलें. मुलगी हंसली आणि तिनें तें सुधारून दिलें. त्या दिवसापासून नोने घरांत इटालियन बोलल्या नाहींत. शेहेचाळीस वर्षें झालीं होतीं. मुलगी फुर्लान बोलेना, कारण ती तिला कधीं दिलीच नव्हती; आई इटालियन बोलेना, कारण ती बोलल्याचें फळ तिनें पाहिलें होतें. इटली एक झाली त्या १८६१ सालीं शेंकडा अवघे अडीच लोक इटालियन बोलूं शकत, असा तुल्लियो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज ती सर्वांची भाषा आहे. हा पल्ला केवढा मोठा आहे हें आम्ही विद्यार्थ्यांस कौतुकानें सांगत आलों आहों. त्याची किंमत कोणकोणत्या ओट्यांपाशीं दिली गेली, तें त्या दुपारीं आम्हांस दिसलें.

त्या रात्रीं आम्हांस आमच्या मातोश्रींची आठवण झाली. त्या मूळच्या वऱ्हाडच्या. लग्न होऊन पुण्यास आल्या आणि वर्षाच्या आंत ‘मले’चें ‘मला’ आणि ‘तुले’चें ‘तुला’ झालें. कोणीं त्यांस छळलें नाहीं. सासरचीं माणसें नुसतीं हंसलीं, आणि त्या स्वभावानें फार गरीब होत्या. अकोल्याहून मामा आले म्हणजे माजघरांतून निराळाच आवाज ऐकूं येई. आम्ही आंत शिरलों कीं तो बंद होई. त्यांच्या बोलींतले डझनभर शब्द आम्हांजवळ आहेत, अधिक नाहींत. मातोश्रींनीं आम्हांस माया उदंड दिली. परंतु मायेचें माणूस पोरांच्या भाषेंत बोलावयास तयार असतें, आणि पोरें अर्थातच सोपी वाट धरतात. ज्या माणसाची मर्जी राखण्यावांचून गत्यंतर नाहीं, त्याची भाषा मात्र शिकावी लागते. बोलींविषयींच्या व्याख्यानांत जिव्हाळा हा शब्द वारंवार येतो. नोनेंच्या घरीं आम्हांस त्याच्या जोडीला जरब दिसली, आणि पणतीच्या जिभेवर फुर्लान बसविली ती या जरबेनें.

२०१७ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं नोने वारल्या. त्यांच्या गांवापासून जवळच वेन्झोने येथील प्राचीन देवालय १९७६ च्या भूकंपांत कोसळलें होतें. तेथल्या लोकांनीं हजारों दगड निवडून, पूर्वीं जो जेथें होता तेथेंच बसवून, १९९५ सालीं तें पुन्हां उभें केलें. असें भाषेचें करतां येत नाहीं, असें आम्हीं बंधूंस लिहिलें होतें. कोशांत शब्द सारे असतात, पण ‘जेवायला चल’ असें दरडावणारें माणूस कोशांत नसतें.

त्यानंतर आम्ही २०२३ सालीं गेलों. पुतणी सतरा वर्षांची झाली होती. विहीणबाईंनीं एकाहत्तरी गांठली होती. पोलेंता घोटण्याचा दांडा आतां त्यांच्या हातीं होता. पुतणीनें फुर्लानमध्यें कांहीं विचारलें, आणि आम्हीं चमकून पाहिलें, कारण विहीणबाईंनीं उत्तर दिलें तें फुर्लानमध्यें. भावजयीस विचारतां कळलें कीं, आई गेल्यानंतर कांहीं महिन्यांनीं त्यांनीं तें आपण होऊनच सुरू केलें. आणि तें मोडकें आहे, क्रियापदें चुकतात. त्या दुपारींहि एक चुकलें असावें, कारण पुतणीच्या ओठांच्या कडा हलूं लागल्या. विहीणबाईंनीं दांडा न थांबवितां नुसती मान वळवून तिच्याकडे पाहिलें. पुतणी गंभीर झाली, ‘वो’ म्हणून तिनें त्यांस कांहीं उत्तर दिलें, आणि फडताळांतून पाट काढून आणला.