तंजावरचे बिऱ्हाड

बँकेतल्या माणसाचे बिऱ्हाड म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. लग्न ठरताना हे मला कुणी सांगितले नव्हते. पण सातारा, अकोला आणि पुन्हा पुणे एवढी गावे फिरून झाल्यावर मला त्याचे काही वाटेनासे झाले होते. कपबशा वर्तमानपत्रात कशा गुंडाळाव्यात, लोणच्याच्या बरणीला दादरा कसा बांधावा, कपाट जिन्यावरून उतरवताना हमालांना कुठे थांबवावे, हे सारे मला तोंडपाठ होते. पण १९८५ च्या मे महिन्यात जो हुकूम हातात पडला, त्याने मीही जरा हबकले. बदली होती तंजावरला! पुण्याहून रेल्वेने सुमारे चौदाशे किलोमीटर.

तंजावरविषयी आमचे ज्ञान शालेय इतिहासापुरते. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तिथे भोसल्यांचे राज्य स्थापले आणि १७९९ नंतर नावापुरते का होईना, ते १८५५ पर्यंत टिकले, इतके ह्यांनी मुलांना नकाशा पुढे ठेवून समजावून सांगितले. नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले, "मग तिथं अजून मराठी बोलतात?" ह्यांनी चष्मा पुसला. नकाशात त्याचे उत्तर नव्हते.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. त्या तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या. लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात आल्या, त्याच वाड्यात त्यांचे सारे आयुष्य गेलेले. आमच्या आधीच्या बदल्यांत त्या तिथेच राहिल्या होत्या. पण आता मालकाने वाडा पाडून इमारत बांधायचे ठरवले होते, आणि आम्हाला दोन्ही खोल्या सोडाव्या लागणार होत्या. सासूबाई कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त अट घातली : "दिवाळीपर्यंत राहीन. मग मला सांगलीला धाकटीकडे पोचवा."

हे एकुलते एक. आई सांगलीला गेली, तर बढतीवर पाणी सोडून परत बदली मागायची, असे ह्यांच्या मनाने घेतले होते. तसे ते बोलले नाहीत. पण अर्जाचा मसुदा मला त्यांच्या डायरीत सापडला. म्हणजे आमचे बिऱ्हाड तंजावरला टिकते की मोडते, हे ठरायला पाच महिने होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. सासूबाईंजवळ त्यांचे देव, आमसुलांचा डबा आणि एक काळी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेला कुलूप. मद्रासला सेंट्रल स्टेशनवर उतरून एग्मोर स्टेशनला जायचे आणि तिथून रात्रीची मीटर गेजची गाडी धरायची. आपल्या मोठ्या गाडीतून उतरून त्या लहान डब्यात शिरलो, तेव्हा आमची धाकटी म्हणाली, "ही खेळण्यातली आगगाडी आहे का?" चिदंबरम, मायिलाडुतुरै, कुंभकोणम अशी स्टेशने मागे टाकीत सकाळी गाडी कावेरीच्या खोऱ्यातून चालली, तेव्हा दोन्ही बाजूंना डोळा पोचेल तिथवर सपाट शेते आणि ताडा-नारळांच्या रांगा. सासूबाई खिडकीशी बसून होत्या. बराच वेळाने म्हणाल्या, "एक टेकडी नाही हो! पर्वतीएवढीसुद्धा नाही."

टेकडी नव्हती, पण देऊळ होते. राजराज चोळाने बांधवलेले आणि १०१० साली पुरे झालेले ते बृहदीश्वराचे देऊळ. त्याचे विमान दोनशे फुटांहून उंच. भाजीला निघा, पोस्टात जा, वळणावळणावर ते डोके काढून उभे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असे आम्हाला रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सर्वांनी सांगितले. मुले एका रविवारी मुद्दाम जाऊन पाहून आली. पडते!

घर मिळाले ते जुन्या वस्तीत. पुढे बसायला ओटा, त्याला तिथे तिण्णै म्हणतात. मध्ये उघडा चौक, मागे विहीर. पुढचा भाग घरमालकीणबाईंचा, मागचा आमचा. त्या दारात उभ्या राहून हात जोडून म्हणाल्या, "वांगो, वांगो!" सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "आल्याआल्या वांगी कसली विकते ही?" पुढे कळले, ते "या, या" होते. मुले त्यांना पाट्टी म्हणू लागली, कारण आजीला तमिळमध्ये पाट्टी म्हणतात. "दगडी पाटी की पत्र्याची, तेवढं विचारून घ्या," सासूबाई म्हणाल्या. त्या पहिल्या महिन्यातला त्यांचा हा एकुलता एक विनोद.

मुलांना काय, महिन्याभरात तमिळ येऊ लागले. ह्यांचे कचेरीत इंग्रजीवर भागे. मी बाजारात बोटांनी हिशेब करी. सासूबाईंचे मात्र सर्वच बंद झाले. पुण्यात त्या रोज वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, दुपारी शेजारच्या चारजणींना पोथी वाचून दाखवीत. इथे दुकानाची पाटी वाचता येईना, बसवरचे गाव वाचता येईना. एकदा त्या ओट्यावर बसून समोरच्या भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "मी अडाणी झाले गं." मी कामाचे निमित्त करून आत गेले.

स्वयंपाकघरात त्यांचा हट्ट असे की आमटीला आमसूलच. चिंच का चालत नाही, हे विचारायची सोय नव्हती. भातही त्यांना लागेना, कारण आणलेला तांदूळ निघाला उकडा. गव्हाची गिरणी दूर. घरमालकीणबाई पितळी फिल्टरातली कॉफी डवऱ्यात ओतून रोज पाठवीत, ती सासूबाई न बोलता माझ्याकडे सरकवीत. ट्रंकेचे कुलूप तसेच होते.

ऑगस्टच्या आरंभी आडी महिन्याची अठरावी तारीख येते. त्या दिवशी कावेरीच्या भरल्या पाण्याची पूजा करतात. मेट्टूरच्या धरणातून जूनमध्ये पाणी सोडायचे, ते या खोऱ्यातल्या भातासाठी. त्यामुळे आडीत नदी भरून वाहावी, ही साऱ्या मुलखाची इच्छा. घरमालकीणबाई आम्हाला बसने तिरुवैयारूला घेऊन गेल्या. तंजावरपासून ते दहा-बारा किलोमीटर. घाटावर बायकांची ही गर्दी! चित्रान्नाचे डबे, हळदीत भिजवलेले दोरे, नदीला वाहायला ताडाच्या पानाची कर्णभूषणे आणि काळे मणी. "नदीलाही काळे मणी?" सासूबाई पुढे सरकून पाहत राहिल्या. मग पायरीवर उतरून त्यांनी ओंजळभर पाणी सोडले. घरी आल्यावर म्हणाल्या, "कृष्णामाई आणि हिच्यात पाण्याचा फरक नाही. माणसं वेगळी." मी तेवढ्यावर आशा धरली, पण सप्टेंबरात आमसुले संपली, आणि त्यांनी ह्यांना सांगलीच्या तिकिटाची आठवण केली. ह्यांनी दिवाळीनंतरच्या आठवड्याचे आरक्षण करून टाकले.

नवरात्रात तिथे घरोघर कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, सर्वांत मानाची लाकडी राजाराणीची जोडी. संध्याकाळी बायकांना बोलावून विडा, हळदकुंकू आणि वाटलीभर सुंडल द्यायचे. घरमालकीणबाईंकडे आम्ही दोघी गेलो. आता हळदकुंकू म्हटले की सासूबाई आपण होऊन माजघरात जाऊन बसत. आमच्याकडची रीत तशी होती, आणि त्यांचीही तीच निघाली. तिथे आधीच एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या होत्या. बाहेर मी कुंकू लावून घेते आहे, तोच आतून सासूबाईंचा आवाज आला, मोठा, पुण्याच्या वाड्यातला. त्या मराठी बोलत होत्या आणि त्यांना मराठीत उत्तर मिळत होते!

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्या आजी. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल. मधूनच एखादा तमिळ शब्द ठेच लागल्यासारखा येई, आणि मधूनच असा जुना मराठी शब्द येई की तो आम्ही पोथीबाहेर ऐकलेला नव्हता. सासूबाईंनी कौतुकाने विचारले होते, "तुम्हाला इथं येऊन किती दिवस झाले?" आजी म्हणाल्या, "दिवस कसले? तीनशे वर्षं झाली."

मग त्यांचे येणे-जाणे सुरू झाले. सांबाराची गोष्ट आम्हाला त्यांनीच सांगितली. तंजावरच्या राजवाड्यात संभाजीराजे पाहुणे आले असता आमटीला आमसुले नव्हती, म्हणून चिंच घातली आणि तेच सांबार झाले, अशी ती आख्यायिका. इतिहासात तिला आधार नसेल. पण सासूबाईंना ती तत्काळ पटली. "म्हणजे त्यांचीही आमसुलं संपली होती तर!" त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी आमटीत मुकाट्याने चिंच पडली.

एके दिवशी आजी त्यांना बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेल्या. मी सोबत होते. आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरवला. मराठी भाषा, देवनागरी अक्षरे, शिळांमागून शिळा भरलेल्या. सासूबाई थबकल्या. साडेचार महिन्यांत त्या गावात त्यांना वाचता येईल अशी ही पहिली भिंत. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाचसहा ओळी झाल्यावर मागे वळून म्हणाल्या, "पुढचं तुम्ही वाचा, माझा घसा बसला."

आजी हसल्या. त्यांना ते वाचता येत नव्हते. मराठी त्या घरात बोलल्या होत्या, शाळेत तमिळ शिकल्या होत्या. देवनागरी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. लहानपणापासून देवळात येत होत्या, ही भिंत आपली आहे हे ठाऊक होते, पण तिच्यावर काय लिहिले आहे ते सत्तर वर्षांत त्यांना कळले नव्हते.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा भिंतीकडे वळल्या आणि अंधार पडेपर्यंत वाचत राहिल्या. आजी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. परतताना सासूबाईंचा अभिप्राय असा : "अक्षर चांगलं आहे. पण सगळं राजांचंच. बरोबर आलेल्या बायकांनी चुली कुठं मांडल्या, त्याची एक ओळ नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीची पाटी मागून घेतली. रोज दुपारी दोघी ओट्यावर बसू लागल्या. अडचण एकच होती. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. आजींचा ग कधी क होई, कधी ख. सासूबाईंना इतका धीर असल्याचे आम्हाला माहीत नव्हते. ह्यांना तर मुळीच नव्हते. ते म्हणाले, "मला पाढे शिकवताना ही पट्टी घेऊन बसायची!"

दिवाळी आली ती पावसात. आपल्याकडे पावसाळा सरला की दिवाळी. तिकडे ईशान्येचा पाऊस नेमका तेव्हाच. ह्यांनी कामट्या आणि पतंगाचा कागद आणून केलेला आकाशकंदील पहिल्या रात्रीच भिजून लोंबू लागला. आमच्या पणत्या पाहून घरमालकीणबाई बुचकळ्यात पडल्या. त्यांच्या दिव्यांचा सण कार्तिकातल्या पौर्णिमेला. दीपावली म्हणजे पहाटेचे तेल, नवे कपडे आणि फटाके. पण नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान तिकडेही अगदी आपल्यासारखेच, अंधार असतानाच. सासूबाईंनी ट्रंकेचे कुलूप काढले, आतून चांदीची तेलाची वाटी आणि चकलीचा सोऱ्या बाहेर काढला, आणि मुलांना तिळाचे तेल चोळले. कारीट मिळाले नाही, म्हणून मुलांनी पायाखाली लिंबू फोडले.

उजाडता उजाडता छत्री घेऊन आजी दारात. त्या दिवशी तिकडे एकमेकांना "गंगास्नान झाले का?" असे विचारायचे असते. आजींनी ते आम्हाला मराठीत विचारले आणि सासूबाईंच्या हातात पाटी ठेवली. पाटीवर लिहिले होते, "कंकास्नान झाले का". सासूबाईंनी बोटाने दोन्ही क पुसले.

दुपारी फराळाला बसलो असता त्यांनी ह्यांना विचारले, "तिकीट परत केलं तर रेल्वे किती पैसे कापते रे?"

ह्यांच्या हातातला लाडू हातातच राहिला. "का गं?"

"आत्ता कुठं 'ग' यायला लागलाय तिला," सासूबाई म्हणाल्या. "अजून जोडाक्षरं राहिली आहेत."

त्या अर्जाचा मसुदा डायरीतून केव्हा नाहीसा झाला, हे मला कळले नाही. सोऱ्या पुन्हा ट्रंकेत गेला नाही. आम्ही तंजावरला चार वर्षे राहिलो. सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वतीमहाल ग्रंथालयात मोडीचे कागद आणि मराठी हस्तलिखिते पाहिली. तिथल्या शाहजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके लिहिली होती, हे मुलांनी पुण्याच्या मित्रांना पत्राने कळवले. १९८७ साली ते देऊळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता तिथे मोठ्या रुळांवरची गाडी जाते. तुम्ही गेलात, तर विमान पाहून मागे फिरू नका. नैर्ऋत्येचा कोपरा गाठा. तुम्हाला ती भिंत वाचता येते.

१९८९ साली पुन्हा पुण्याला बदली झाली. तोवर आमच्या आमटीत चिंच कायमची बसली होती, आणि पुण्याचे नातेवाईक तिला सांबार म्हणून नाके मुरडू लागले. महिन्याभराने तंजावरचे पहिले पोस्टकार्ड आले. वाकडी, मोठमोठी देवनागरी अक्षरे, चार ओळी. त्यांत तीन ठिकाणी ग चा क झालेला. सासूबाईंनी ते दोनदा वाचले, नातवाची लाल पेन्सिल मागून घेतली आणि चुका दुरुस्त करून ते कार्ड पाकिटात घालून उलट टपालाने परत पाठवले.