नोकरी करता करता बी.एड.

डी.एड. झालेल्या प्राथमिक शिक्षकाने बी.एड. कशाला करायचं, याचं खरं उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त अर्जावर ते कुणी लिहीत नाही. पदोन्नतीची कुठली ना कुठली यादी पुढेमागे निघते आणि तिथे पदवीपुढे बी.एड. असलं तर बरं पडतं. अर्जावर मात्र ‘व्यावसायिक गुणवत्ता वाढवणे’ असं लिहायचं. मीही तेच लिहिलं.

२००४ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून लागले. तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना तीन हजार रुपये मानधन होतं आणि कायम होईपर्यंत तीन वर्षं काढायची होती. शाळा अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर. द्विशिक्षकी. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजी पंचायत समितीत मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. कायम झाल्यावर बाहेरून बी.ए. पूर्ण केलं आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या सेवांतर्गत बी.एड.चा फॉर्म भरला. नोकरीतल्या शिक्षकांसाठीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. रजा न टाकता, पगार न बुडवता करता येण्यासारखा तोच होता.

पहिला धडा फॉर्म भरायच्या आधीच मिळाला. उच्च शिक्षण घ्यायचं तर कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज मुख्याध्यापकांच्या शिफारशीने केंद्रप्रमुखांकडे, तिथून तालुक्याला. माझा अर्ज एका टेबलावर इतके दिवस पडून राहिला की प्रवेशाची मुदत संपायला आली. विचारायला गेलं की ‘साहेब दौऱ्यावर आहेत’. शेवटी एका जुन्या शिपाईमामांनी कानात सांगितलं, ‘बाई, दुसरी प्रत आणा आणि आवक रजिस्टरचा नंबर टाकून पोच घ्या. मग बघा.’ तसं केलं आणि त्याच आठवड्यात परवानगी हातात पडली. शिक्षण व्यवस्थापनाचा तो तास कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता.

विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पुस्तकं खरंच घरी यायची. संपर्क सत्रांना मात्र ज्ञानगंगेच्या शोधात आम्हालाच संगमनेर गाठावं लागे. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, मे महिना. राजूरहून सकाळची एसटी धरायची, अकोल्याला गाडी बदलायची. वर्गात बहुतेक जण माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. कुणी आश्रमशाळेवरचं, कुणी विनाअनुदानित हायस्कूलमध्ये कित्येक वर्षं बिनपगारी राबलेलं, कुणी मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळणारं. एक मॅडम तान्ह्या बाळाला घेऊन यायच्या. सोबत सासूबाई. तास चालू असताना सासूबाई व्हरांड्यात नातवाला मांडीवर घेऊन बसायच्या आणि मधल्या सुट्टीत आम्हाला विचारायच्या, ‘कसा झाला गं हिचा तास?’ त्या सत्रात पहिल्या वर्गात कोण पास झालं असेल, तर त्या सासूबाई, असं मी आजही म्हणते.

पुस्तकांविषयी फार सांगण्यासारखं नाही. पियाजे, ब्रूनर, ब्लूम डी.एड.लाही भेटले होते. इथे ते जरा जाड होऊन आले. खरी मजा सूक्ष्म अध्यापनाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका वेळी शिकवण्याचं एकच कौशल्य घ्यायचं: प्रश्न विचारणं, फळ्यावर लिहिणं, उदाहरण देणं, आवाज आणि हालचाल बदलत राहणं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं इतरांनी सांगायचं काय जमलं आणि काय नाही, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. छत्तीस मिनिटांचं एक चक्र. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात आपल्यासारखेच शिक्षक.

कोतुळकडचे एक गुरुजी होते, पन्नाशीला टेकलेले, पांढरा सदरा-लेंगा, तालुक्यात दरारा. त्यांनी फलकलेखनाचा पाठ घेतला. अक्षर मोत्यासारखं. पण निरीक्षण करणाऱ्या सरांनी सहा मिनिटांनंतर सांगितलं, ‘गुरुजी, तुम्ही लिहिता तेव्हा सगळा फळा तुमच्या पाठीआड जातो. मुलांना अक्षर दिसतं ते तुम्ही बाजूला झाल्यावर.’ गुरुजींचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, आता हे चिडणार. बारा मिनिटं ते गप्प बसून राहिले, मग उठले आणि अंग तिरकं ठेवून, मुलांकडे बघत बघत लिहायला लागले. नंतर चहाच्या टपरीवर म्हणाले, ‘सव्वीस वर्षं झाली. इतके साहेब तपासणीला आले. सगळ्यांनी हजेरी बघितली, तांदूळ मोजला, दाखल्याचं रजिस्टर बघितलं. मी फळ्यावर लिहितो कसा, हे कुणी बघितलंच नव्हतं.’

हे गुरुजींचं बोलणं मी विसरलेले नाही, कारण अख्ख्या अभ्यासक्रमाचं मोल त्यातच होतं. नोकरीला लागल्यावर शिक्षकाचा वर्ग हा बंद दाराआडचा कारभार होतो. तपासणी होते ती कागदांची. मागच्या बाकावर बसून पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणारं, आणि नंतर दोन शब्द बोलणारं माणूस पुन्हा भेटत नाही. आम्हाला ते बी.एड.च्या निमित्ताने भेटलं.

सराव पाठ हायस्कूलमध्ये घ्यावे लागत. माझे विषय मराठी आणि इतिहास. आठवीच्या वर्गावर पहिला पाठ होता. निरीक्षक मॅडमनी कागदावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढला आणि ज्या मुलाने उत्तर दिलं त्याच्या जागी एक रेघ मारत गेल्या. तासाच्या शेवटी कागद माझ्यासमोर ठेवला. पन्नासेक मुलं, आणि सगळ्या रेघा दोन रांगांत. शेरा काहीच नाही. पुढच्या पाठाला मी त्या कोऱ्या राहिलेल्या बाकांकडून सुरुवात केली. तो नकाशा मी आजही वापरते. एखाद्या मोठ्या मुलीला मागे बसवते आणि रेघा मारायला सांगते. मुलींना हे काम फार आवडतं.

पण आता तक्रारही ऐका. मी तिसरी-चौथीची शिक्षिका. दोन्ही वर्ग एकाच खोलीत. तिसरीला गणित दिलं की चौथीला वाचन, मध्येच कुणाची पाटी फुटते, कुणाचं धाकटं भावंड रडत येऊन बसतं. आणि मी सराव पाठ कुठे घेत होते? घंटेवर चालणाऱ्या हायस्कूलमध्ये, एकच इयत्ता, एकच विषय, पस्तीस-चाळीस मिनिटं. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन अशा पायऱ्यांनी सजवलेला पाठ. वाडीवर सोमवारी परत आले की त्यातल्या प्रस्तावनेलाच अर्धा तास जायचा, कारण निम्मी मुलं तोवर यायचीच असायची. बहुवर्ग अध्यापनावर आमच्या अभ्यासक्रमात तोंडी लावण्यापुरतंच काही होतं. वर्गातले निम्मे शिक्षक प्राथमिकचे, आणि तयारी करून घेतली जात होती माध्यमिकची.

प्राथमिक आणि माध्यमिकच्या तयारीतला हाच फरक पुढे न्यायालयापर्यंत गेला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्राथमिक वर्गांवर नेमणुकीसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, डी.एल.एड. म्हणजे आपलं जुनं डी.एड.च हवं. एन.सी.टी.ई.ने २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना ते दार उघडून दिलं होतं, ते बंद झालं. हजारो बेरोजगार बी.एड.धारकांवर तेव्हा आभाळ कोसळलं, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण निकालामागचं म्हणणं मला पटतं. लहान मुलाला वाचायला शिकवणं हे आठवीला इतिहास शिकवण्यापेक्षा वेगळं काम आहे, आणि ते वरच्या पदवीत आपोआप येत नाही. हे आम्हाला संगमनेरच्या त्या वर्गात रोज दिसत होतं.

माझ्या वाडीच्या वर्गाला थेट उपयोगी पडलं ते कृतिसंशोधन. तेही खरं तर नशिबाने, कारण विषय आपापल्या शाळेतला घ्यायची मुभा होती. मी हातच्याची वजाबाकी घेतली. चौथीतली मुलं बावन्नातून सत्तावीस वजा करायला दिले की पस्तीस लिहीत. एक-दोन नाही, बरीच मुलं. सरांनी सांगितलं, आधी उपाय शोधू नका, चुका गोळा करा. तशी चाचणी काढली आणि वह्या शेजारी शेजारी मांडल्या. दोन ढीग पडले. पहिल्या ढिगातली मुलं वरचा-खालचा अंक न बघता मोठ्यातून लहान वजा करत होती: दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन. त्यांच्या लेखी नियम एकदम पक्का होता. दुसऱ्या ढिगातल्यांना हातचा कळत होता, पण मध्ये शून्य आला की गाडी अडत होती. चारशे तीनातून एकशे अठ्ठावीस काढताना दशकाच्या घरात उसनं मागायला गेलं तर तिथेच काही नाही.

दोघांना एकच उपाय चालला नसता. पहिल्या गटाला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले आणि गठ्ठा सोडल्याशिवाय वजाबाकी करायचीच नाही असं ठरवलं. दुसऱ्यांसाठी दहा गठ्ठ्यांचा मोठा शेकड्याचा भारा बांधला. दशकाकडे काही नसेल तर आधी भारा सोडून दहा गठ्ठे करा, त्यातला एक गठ्ठा सोडा, मग एकक. रबरबँड पुरेनात, तेव्हा मुलांनी केळीच्या सोपटाचे बंध आणले. शेवटच्या चाचणीत पहिला गट जवळजवळ सगळा सुटला, दुसऱ्यातली काही मुलं अडूनच राहिली. अहवालात मी तसंच लिहिलं. शेजारच्या एका सरांनी वाचून सांगितलं, ‘मॅडम, शंभर टक्के प्रगती दाखवा, मार्क जास्त पडतात.’ मी नाही दाखवली. मार्क बरे पडले.

हे सर तसं म्हणाले त्याला कारण होतं. बी.एड.च्या नावाने एक बाजारही चालतो, त्याबद्दल गप्प बसून चालणार नाही. सराव पाठांच्या तयार वह्या, प्रात्यक्षिकांच्या फायली, इतकंच काय कृतिसंशोधनाचे तयार अहवालसुद्धा पैसे टाकले की मिळतात. वर नाव आणि शाळा घालायची. आमच्यातल्या काहींनी घेतले. त्यांना मी सरसकट दोष देणार नाही. निवडणुकीची ड्युटी, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी आणि घरचं सगळं सांभाळून एवढं लिहिणं सोपं नव्हतं. पण ज्यांनी तयार अहवाल घेतला त्यांनी अभ्यासक्रमातली आपल्या वर्गाच्या कामाची गोष्ट विकत घेऊन फुकट घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं थोडक्यात. परीक्षा दिल्या, पास झाले, पगारात त्यामुळे एक रुपयाही वाढला नाही. पदवीची नोंद सेवापुस्तकात व्हायला पदवी मिळवण्याइतकाच चिवटपणा लागला. नंतर इतर प्रमाणपत्रंही जमत गेली. २०२२ मध्ये वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण ऑनलाइन झालं, दोन हजार रुपये शुल्क भरून. व्हिडिओ बघायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. मोबाइल डब्याला टेकवून कणीक मळता मळता व्हिडिओ बघणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. आशय वाईट नव्हता. पण तो मोबाइल आमचा वर्ग बघू शकत नव्हता आणि आम्ही फळ्यासमोर उभ्या आहोत की फळ्याआड, हे सांगूही शकत नव्हता.

माझं मागणं साधं आहे. नोकरीतल्या शिक्षकांसाठी जो कुणी अभ्यासक्रम आखेल, मग ते विद्यापीठ असो की शिक्षण विभाग, त्याने निम्मे गुण शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गातल्या पाठांना ठेवावेत. हायस्कूलमध्ये आम्हाला पाहुणे म्हणून नेऊ नये. निरीक्षकाने वाडीवर यावं, मागे बसावं. एसटी सकाळी साडेसहाला राजूरहून सुटते.

आणि जे यंदा फॉर्म भरणार आहेत त्यांना एक सांगणं: परवानगीच्या अर्जाची पोच घ्या, आणि नोंद झाल्यावर सेवापुस्तकाच्या त्या पानाची सत्यप्रत घरी ठेवा.