सीप्झच्या फाटकाबाहेर

मुंबईत नावांच्या गमती काही कमी नाहीत. आता हेच बघा ना, नाव सांताक्रूझचं आणि मुक्काम अंधेरीला! 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन' हे लांबलचक नाव कुणी उच्चारतही नाही म्हणा. रिक्षावाल्याला नुसतं 'सीप्झ' म्हटलं की तो मीटर टाकतो. परदेशी माल धाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांसाठी १९७३ साली सरकारनं ही वसाहत उभी केली.

तुम्ही कधी अंधेरीला नणंदेकडे, बहिणीकडे आलात तर हा भाग मुद्दाम बघा. पूर्वी स्टेशनबाहेर बसच्या रांगेत उभं राहून पाय दुखायचे. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली आणि आमच्यासारख्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या बायकांचे हाल जरा संपले. त्या गाडीनं मरोळ नाक्याला उतरायचं, सरकत्या जिन्यांनी खाली खाली जायचं आणि जमिनीच्या पोटातली दुसरी गाडी धरायची. ही २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दुसरं स्टेशन सीप्झ.

फाटकाच्या आत तुम्हाला-मला सोडत नाहीत. पण सकाळी बाहेर उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. सुरुवातीच्या काळात इथे तरुण मुली ओळीनं बसून बारीक बारीक भाग जुळवायच्या. डोळ्यांचं काम, बोटांचं काम, म्हणून मुलीच हव्या असत. मग कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, पुढे हिऱ्यांचे दागिने घडू लागले. आता गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुलामुलींचे लोंढे आत शिरतात. त्याच वेळी उलट्या दिशेनं आणखी एक लोंढा चाललेला असतो. पदर खोचलेल्या, हातात कापडी पिशवी असलेल्या बायका. चाळींतून, वस्त्यांतून निघून चकाल्यापर्यंतच्या इमारतींत भांडी-पोळ्यांना जाणाऱ्या. मला सांगायचं आहे ते या दुसऱ्या लोंढ्याबद्दल.

कारण कॉम्प्युटर आता त्यांच्याही दारात येऊन ठेपला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना निघाली, तेव्हा या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांसमोर ज्या रांगा लागल्या, त्या मी शाळेत जाता-येता रोज पाहत होते. एकवीस ते पासष्ट वर्षं वय, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि महिना दीड हजार रुपये थेट बाईच्या बँकेच्या खात्यात. मधे कुणी साहेब नाही, दलाल नाही. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले, तेव्हा आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी प्रथम काय केलं असेल? गॅसची शेगडी दुरुस्त करून आणली. पैसे कसे वापरावेत याचे धडे अशा बायकांना देणाऱ्यांचं मला हसूच येतं.

त्यांच्या शेजारणीचे पैसे मात्र येईनात. पासबुक भरून आणलं, कोरंच. शेवटी उलगडा झाला तो असा : सरकारी पैसा आधार क्रमांकावरून जातो, आणि आधारला जे खातं सगळ्यांत शेवटी जोडलेलं असेल त्यातच पडतो, अर्जात तुम्ही कुठलंही लिहा. या बाईंचं एक जुनं खातं गावाकडच्या बँकेत होतं, कधीतरी शिबिरात उघडलेलं. पैसे तिथे सुखरूप पडून होते! तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं असं झालं असेल तर आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते बघायला आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा आकडा लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. तो मोबाइल कुणाचा?

बहुतेकींचा नंबर नवऱ्याचा नाहीतर थोरल्या मुलाचा. भाजीवालीच्या टोपलीशेजारी चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो, पैसे आले की डबा मोठ्यानं बोलतो. पण आले कुणाच्या खात्यात म्हणून विचारलं तर 'पोराच्या'. २०२५ च्या सप्टेंबरात योजनेसाठी नव्यानं ओळख पटवायला सांगितली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाइलवर आलेला आकडाही मागितला. ज्यांचा नवरा वारला, ज्यांना टाकलं, त्यांनी आकडा कुणाकडे मागायचा? ओरड झाल्यावर मुदत वाढली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडीसेविकेकडे देण्याची सोय निघाली. पण जिचा नवरा नुसताच निघून गेला, तिच्याजवळ ना दाखला ना कागद!

यंत्राला नावं ठेवायला मी बसलेले नाही. कोल्हापूर-सांगलीकडे वारणेच्या साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये सत्तर गावांत कॉम्प्युटर बसवले होते, खेड्यांत सगळी माहिती पोचावी म्हणून. लोकांनी त्यांतून काय उचललं? आपला ऊस किती भरला, बिल किती झालं, एवढंच. पुढे काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या संदेशावर होऊ लागलं, तेव्हा शेतकऱ्याला केंद्रापर्यंत चालत जायचंही उरलं नाही. म्हणजे भारी यंत्रच हवं असं नाही. माणसाला हवी ती गोष्ट त्याच्या स्वतःच्या हातात पोचली की झालं. शेतकऱ्याचा मोबाइल त्याच्या खिशात होता, एवढाच काय तो फरक.

आम्ही तिघी शिक्षिका शनिवारी दुपारी एका बालवाडीत टेबल टाकून बसतो. अर्ज भरून देत नाही. ते काम दुकानं करतात आणि शंभर-दोनशे घेतात. आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो : नंबर कुणाचा? स्वतःचा नसेल तर तिच्या नावानं सिमकार्ड, मग आधार केंद्रावर जाऊन अंगठा देऊन नंबर बदलणं, मग फोनची भाषा मराठी करणं. यात एकेकीला तीन-तीन आठवडे जातात, कारण आधार केंद्रात जायचं म्हणजे कामावर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापणाऱ्या आपल्यातल्याच असतात हो! एका बाईंनी फोनमध्ये पहिल्यांदा स्वतः वाचलेला संदेश बँकेचा नव्हता, सुट्टीचा होता. मुलीच्या शाळेचा. तो त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचला आणि मग विचारलं, "बाई, हा नंबर घरात कुणाला नाही सांगितला तर चालंल ना?"

चालेल, म्हटलं.