रात्रीचं रंगकाम



मे महिन्यात यांनी अंगणातच गाडीचं बॉनेट रंगवायला घेतलं. भर दुपारी फवारलं, तर रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला. आपल्या नागपूरच्या उन्हात थिनर पटकन उडतं. रंग सपाट पसरायच्या आतच सुकतो. मग ऊन टाळायला रात्री दिवा लावून फवारलं. सकाळी पाहते तो रंगात चिलटं चिकटून मेलेली!

"वाळल्यावर 2000 नंबरच्या वॉटर पेपरनं घासलं की निघेल," हे म्हणाले.

डाग निघेल हो, पण गेलेले जीव? मी मिच्छामि दुक्कडं म्हटलं.

आता ठरलंय: सूर्योदयानंतर, ऊन चढायच्या आत, हळू उडणारं थिनर घालून पातळ थर द्यायचे. जेवणासारखंच, रात्री रंगकामही नाही.