सहा डोळ्यांची माहेरवाशीण

आमच्या घरी दिवाळीची सुरुवात शिडीपासून होते. दसरा झाला, की सौ. शेजाऱ्यांची शिडी मागून आणते, मला माळ्यावर चढवते आणि स्वतः कमरेला पदर खोचून खाली उभी राहते. मग वरून एकेक वस्तू खाली येते आणि तिचा जागच्या जागी न्याय होतो. तळ फुटलेला बंब, नातवंडं कॉलेजात गेली तरी जपून ठेवलेला पाळणा, आजोबांची काठी, सगळ्यांची सुनावणी होते. पण खरा खटला असतो माझ्या अकरा खोक्यांचा. "यातलं यंदा काही कमी होण्यासारखं आहे का?" हा प्रश्न तिनं आजवर चाळीसएक दिवाळ्यांत विचारला असेल. तितक्याच वेळा मी "बघू" असं उत्तर दिलं आहे.

त्या खोक्यांत रेकॉर्डी आहेत. बालगंधर्वांच्या असत्या, तर घरात माझी इज्जत राहिली असती. पण या आहेत जॅझच्या.

गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या, बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला हे वेड कसं लागलं, असं पाहुणे विचारतात. दोष सगळा १९७८ सालाचा. त्या वर्षी मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गोवेकर सहकाऱ्याजवळ एक तिकीट जास्त होतं. फुकट आहे म्हणून मी धोबी तलावाच्या रंगभवनात जाऊन बसलो. सनी रॉलिन्स नावाचा एक धिप्पाड गृहस्थ सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. पहिली दहा मिनिटं मला काही म्हणता काही कळेना. मग एकदम लक्षात आलं, की या माणसानं एक छोटीशी धून घेतली आहे. तिला सोडून तो दूर हिंडून येतो आहे आणि आता हा हरवला असं वाटतं न वाटतं, तोच बरोब्बर तिच्यापाशी येऊन टेकतो आहे. मांडीवर माझा हात आपोआप पडला. समेवर पडतो तसाच! हे तर आपल्या ओळखीचं आहे की, असं म्हणत मी घरी आलो आणि तेव्हापासून आमच्या संसाराला सवत आली.

सौ.नं पहिल्यांदा ते संगीत ऐकलं, तेव्हा ती स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, भांड्यांची मांडणी कोसळली. पुढे एकदा लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट लागला असताना ती दारात थबकली आणि म्हणाली, "अहो, हे तर 'अलबेला'सारखं वाजतंय!" तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. १९५१ च्या त्या चित्रपटाला संगीत सी. रामचंद्रांचं होतं, आणि त्यांच्या हाताशी होता चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रंपेटवाला. मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूनच लोक त्याला ओळखत. रात्री हॉटेलात जॅझ वाजवावा आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांना साथ करावी, असा त्या काळच्या कितीतरी गोवेकर वादकांचा दिनक्रम होता. म्हणजे जी सवत म्हणून ती रागावत होती, ती लहानपणापासून तिच्याच घरच्या रेडिओत नांदत होती. हे मी तिला समजावून सांगितलं. "मग एवढ्या खोक्यांची काय गरज?" असं ती म्हणाली.

रेकॉर्डी जमवणारा माणूस संगीत ऐकतो, हा एक लोकभ्रम आहे. तो मुख्यतः रेकॉर्डी पालथ्या करून बघतो. लेबलाचा रंग कोणता, शेवटच्या खाचेनंतर जी कोरी पट्टी असते तिच्यावर कोणते आकडे कोरले आहेत, कव्हराची शिवण उसवली आहे का, हे सगळं तो भिंग लावून पाहतो. शुक्रवारी पहाटे चोर बाजारात मटन स्ट्रीटच्या फुटपाथवर उकिडवं बसून मी हे वर्षानुवर्षं केलं आहे. अशा माणसाला या विषयावर बोलायला कोणी मिळत नाही. घरचे कंटाळतात, मित्र घड्याळ बघतात. आणि म्हणूनच मुलानं घरात संगणक आणला, तेव्हा मी आधी त्याची टिंगल केली आणि महिन्याभरात त्याला खुर्चीवरून उठवलं.

एका लेबलाविषयी मी इंटरनेटवर शंका विचारली होती. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून दीड पानी उत्तर आलं. लिहिणारा पोस्ट खात्यातून निवृत्त झालेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. उत्तराच्या शेवटी त्यानं विचारलं होतं, "तुमच्याकडे पावसाळ्यात कव्हरांना बुरशी लागते, तेव्हा तू काय करतोस?" मला आजवर हे कोणीही विचारलं नव्हतं! त्या एका प्रश्नावर आमची मैत्री जुळली. पुढे दर दोन दिवसांनी पत्र. बुरशीवरून गोष्ट सुयांवर गेली, सुयांवरून मुलांवर, मुलांवरून गुडघ्यांवर. मी त्याला 'पोस्टमास्तर' म्हणू लागलो.

एका पत्रात त्यानं 'काइंड ऑफ ब्लू'ची हकीकत लिहिली. माइल्स डेव्हिसची ही रेकॉर्ड १९५९ सालच्या मार्च आणि एप्रिलमधल्या अवघ्या दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चमध्ये केलेल्या स्टुडिओत वाजवली गेली. ऑगस्टमध्ये ती बाजारात आली. पोस्टमास्तर तेव्हा एकोणीस वर्षांचा. पहिल्या पगारातून त्यानं ती घेतली. तिच्यातल्या पहिल्याच तुकड्याची मुख्य धून ट्रंपेटवर नाही. ती बास वाजवतो, आणि तो वाजवणारा पॉल चेंबर्स डेट्रॉइटलाच लहानाचा मोठा झालेला. "आमच्या गावचा पोरगा सगळ्यांच्या आधी बोलतो," असं त्यानं लिहिलं होतं. पुढे बायको आजारी पडली, इस्पितळाची बिलं आली आणि त्यानं सगळ्या रेकॉर्डी एका दिवसात विकल्या. बाकीच्या हळूहळू परत मिळवल्या. ही तेवढी मिळाली नाही. नव्या आवृत्त्या ढिगांनी मिळत होत्या. त्याला हवी होती तशीच, त्या वर्षाची.

तसली ओळखायची कशी, हेही त्यानंच शिकवलं. कोलंबिया कंपनीच्या त्या काळच्या लेबलावर दोन्ही बाजूंना मिळून सहा चिन्हं असत, डोळ्यांसारखी दिसणारी. आणि अगदी सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन तुकड्यांची नावं उलटसुलट छापली गेली होती.

२०११ सालच्या पावसाळ्यात, एका शुक्रवारी, मटन स्ट्रीटवर एका फुटक्या आरशाखाली मला ते सहा डोळे दिसले. रेकॉर्ड उलटली. नावं चुकलेली! माझे हात कापायला लागले. दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून मी शेजारच्या पितळी अडकित्त्याची किंमत विचारली आणि मग, सहज विचारावं तशी, रेकॉर्डची. तीनशे रुपये. अडकित्ताही घ्यावा लागला.

त्या रात्री पोस्टमास्तरचं पत्र आलं. शेवटी नेहमीचा प्रश्न होता, "या शुक्रवारी काही हाती लागलं?"

मी लिहिलं, "विशेष काही नाही."

तीन शब्दांचं हे पत्र मी आठ महिने वाहिलं. खरं सांगितलं, तर त्याला ती देऊ करावी लागेल, ही भीती. तो मागणार नाही, हे ठाऊक होतं. त्यामुळेच तर देऊ करावी लागली असती. बरं, एवढं करून ती मला ऐकताही येईना. सुई टेकवली, की पहिला बोलतो तो त्याच्या गावचा पोरगा! मी ती रेकॉर्ड कपाटात धोतरांच्या घडीखाली ठेवून दिली. सौ.ला ती सापडली तेव्हा ती म्हणाली, "चोर बाजारातनं आजवर इतकं आणलंत, पण चोरीचा माल असल्यासारखं लपवताना आज पहिल्यांदाच बघते आहे." मी तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. तिनं फक्त संगणकाची खुर्ची पुढे ओढून दिली.

मी कबुली लिहून पाठवली. सहा दिवस उत्तर नाही. दर दोन दिवसांनी लिहिणारा माणूस सहा दिवस गप्प राहिला, तर संगणक उघडायचीसुद्धा भीती वाटते. सातव्या दिवशी पत्र आलं. "तू टेडी वेदरफर्डच्या कलकत्त्याच्या रेकॉर्डीबद्दल मला तीनदा विचारलंस आणि तीनदा मी विषय बदलला, आठवतं? माझ्याकडे एक आहे. आता आपण दोघं सारखे झालो."

वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवाला. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यानं वाजवलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात वाजवलं, तिथंच रेकॉर्डी केल्या आणि १९४५ साली तिथंच पटकीनं तो वारला. पोस्टमास्तरचा मामा युद्धात कलकत्त्याला होता. परत जाताना त्यानं ही रेकॉर्ड सामानातून नेली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची, लाखेची. लाख म्हणजे आपल्याकडे बांगड्या करतात तीच. त्या काळी साऱ्या जगाच्या रेकॉर्डींना ती मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे.

मग पार्सलांची पत्रापत्री झाली. पोस्ट खात्यातल्या माणसाला शिकवायला मिळालं, म्हणजे काय विचारता! तबकडी कव्हराबाहेर ठेव, नाहीतर प्रवासात तिचीच कड कव्हराची शिवण फाडते. दोन पुठ्ठे घे. एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे खोकं वाकत नाही. आत काहीही हलता कामा नये. त्याप्रमाणे २०१२ च्या दिवाळीत त्याची रेकॉर्ड माझ्याकडे आली आणि माझी त्याच्याकडे गेली. लाखेची ती नाजूक. मायदेशी परत आली ती आलीच. पण गुढीपाडव्याच्या सुमारास दारात पुन्हा एक खोकं. आत सहा डोळ्यांची ती आणि चिठ्ठी : "मी मनसोक्त ऐकली. आता तुझी पाळी. दिवाळीला पाठव."

तेव्हापासून ती आमची माहेरवाशीण झाली आहे. दिवाळीला माहेरी जाते, पाडव्याला सासरी येते. २०२० चं कोविडचं साल सोडलं, तर एकदाही खंड नाही. टपालखर्च मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. "एवढ्यात तुम्ही स्वतः जाऊन आला असतात," असं सौ. म्हणते. खरं आहे. पण आम्ही दोघं अजून भेटलेलो नाही.

एकदा फोनवर मात्र बोललो. पत्रांवरून मी त्याचा आवाज खर्जातला, झपाझप बोलणाऱ्याचा ठरवून टाकला होता. प्रत्यक्षात आवाज बारीक, आणि दोन शब्दांमध्ये चहा पिऊन यावा एवढा विसावा. मी थोडा हिरमुसलो. मग त्यानंच त्या रेकॉर्डची एक गंमत सांगितली. पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे टिपताना स्टुडिओतलं यंत्र किंचित हळू चाललं होतं; त्यामुळे रेकॉर्डवर ते किंचित जलद आणि चढे वाजतात. मूळ वेगातली आवृत्ती निघाली ती १९९२ साली. तेहतीस वर्षं सगळ्या जगानं ते जरा चढ्या सुरात ऐकलं आणि त्यावर जीव टाकला. "खोटं थोडंच ऐकलं?" तो म्हणाला. मला त्याचा बारीक आवाज एकदम आवडू लागला.

यंदा शिडी आली, न्यायालय बसलं, आणि मी गप्प होतो. गेल्या महिन्यात त्यानं कळवलं होतं, की त्याचा उजवा कान पूर्ण गेला. वय पंच्याऐंशी. लेकीकडे राहतो, घर झोपलं की कानांवर हेडफोन चढवून ऐकतो. या रेकॉर्डच्या स्टीरिओ प्रतीत कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन डाव्या बाजूनं येतो आणि कॅननबॉल ॲडर्लीचा उजव्या बाजूनं. म्हणजे अर्धी मैफल त्याला मुकी! पाठवून त्याला दुखवायचं कशाला, असं मी सौ.ला म्हणालो.

"त्यांना विचारलंत का?" ती म्हणाली.

विचारलं. उत्तर तासाभरात आलं. "इतक्या वर्षांत लेबल नीट वाचलं नाहीस? आपली मोनो आहे. सगळेच्या सगळे एकाच कानात मावतात. पाठव लवकर."

मी कपाटातून रेकॉर्ड काढली. खरंच की! सौ.नं आकाशकंदिलाचा पुठ्ठा कापून पुढे केला. "एक उभा, एक आडवा, ना?" ती म्हणाली. अकरा खोक्यांचा निकाल यंदाही लागायचा राहिला.