खिचडीच्या रांगेत चार वर्षांचं पोर काय शिकतं?

विहारातली आमची अभ्यासिका सुरू होऊन नऊ वर्षं झाली. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी, नेट-सेट... पोरं मागे राहू नयेत म्हणून आम्ही वर्गणी काढली, पुस्तकं आणली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे चालू ठेवले. शिष्यवृत्ती अडकली की समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवल्या. पण या नऊ वर्षांत आमच्या एकाही बैठकीत 'अंगणवाडी' हा शब्द निघाला नाही. ही कबुली आधीच देतो. पुढे जे लिहितोय त्यात व्यवस्थेला प्रश्न आहेतच, पण आम्हालाही आहेत.

मागच्या पावसाळ्यात विहाराच्या ओट्यावर आमची बैठक चालली होती आणि बाजूला वस्तीतली पोरं खेळत होती. एका कार्यकर्त्याची साडेचार वर्षांची मुलगी 'बाई' झाली होती. तिनं सगळ्यांना ओळीत बसवलं, खोट्या पळीनं खोटी खिचडी वाढली. दोघांना मात्र तिनं ओळीतून उठवलं. "तुम्ही तिकडं बसा. तुमचा डबा घरून आणा." त्यांना वाढताना पळी तिनं हातभर वर धरली. ती दोन पोरं निमूट उठून भिंतीकडे गेली. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. खेळाचा नियमच तसा होता.

बाप जागेवरून उठला, पण तिला काय बोलायचं हे त्याला सुचेना. आम्हालाही सुचेना. तिला हे शिकवलं कुणी? घरात तर भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत.

इथे कोलंबिया विद्यापीठातल्या दोन माणसांची आठवण होते. बाबासाहेब १९१६ मध्ये तिथून निघाले. पुढे केनेथ क्लार्क आणि मॅमी क्लार्क हे कृष्णवर्णीय दांपत्य त्याच विद्यापीठात मानसशास्त्राचे पीएचडी झाले. त्यांनी ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाकी सगळं सारखं, फक्त रंग वेगळा. यातली छान बाहुली कुठली? वाईट दिसते ती कुठली? बहुतेक मुलांनी छान म्हणून गोरी उचलली आणि वाईट म्हणून सावळ्या रंगाची. मग शेवटचा प्रश्न, तुझ्यासारखी कुठली? काही मुलं या प्रश्नाला रडत उठून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे.

आपल्याकडे बाहुल्यांची गरज नाही. ताट पुरेसं आहे. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतल्या गोणपाटाबद्दल लिहून ठेवलंय. ते वेगळं बसायचं आणि संध्याकाळी घरी घेऊन जायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. आपण ते वाचून हळहळतो आणि 'तो काळ गेला' म्हणतो. साडेचार वर्षांच्या पोरीनं आमच्याच ओट्यावर तो काळ मांडून दाखवला.

बालविकासाचं संशोधन आज सगळ्यांच्या तोंडी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. ठीक. मग त्याच वर्षांत पोर आपली जागा कुठली हेही शिकत असणार ना? यावर धोरण काही बोलत नाही.

आणि हे संशोधन आपल्यावरच उलटवलंही जातं. अमेरिकेत १९९५ साली हार्ट आणि रिस्ली यांनी मांडलं की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. हा आकडा जगभर फिरला. आधार होता ४२ कुटुंबांचा, त्यातली सरकारी मदतीवर जगणारी फक्त सहा. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी घरात आजूबाजूला चाललेलं बोलणंही मोजलं, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. आपल्या वस्तीत कुणी मोजून बघावंच. आजीच्या ओव्या, भीमगीतं, नळावरची भांडणं, चाळीस माणसांच्या हाका. आमच्या पोरांना शब्दांचा दुष्काळ नाही. पण 'घरच कमी पडतं' म्हटलं की शाळेची, गावाची, सरकारची सुटका होते. म्हणून हा सिद्धांत एवढा आवडतो.

याउलट मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावचा प्रयोग बघा. १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांपैकी ५८ जणांना चांगली बालवाडी मिळाली. रोज अडीच तास, पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक, शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षक घरी जाऊन आईबरोबर बसायचे. बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत विरली, तेव्हा टीकाकार म्हणाले, पैसा वाया. पण संशोधकांनी ही मुलं चाळिशीची होईपर्यंत पिच्छा सोडला नाही. बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांचं शिक्षण पुरं झालं, कमाई जास्त होती, अटक होण्याचं प्रमाण कमी होतं. जे रुजलं ते मार्कांत दिसणारं नव्हतं. आपल्याला माणूस समजणारं कुणीतरी त्यांना तिसऱ्या वर्षी भेटलं होतं, असं आम्ही याचं वाचन करतो. अर्थशास्त्रज्ञ त्याला गुंतवणुकीचा परतावा म्हणतात, म्हणोत.

आता संविधानाकडे या. मूळ कलम ४५ मध्ये राज्यानं दहा वर्षांत 'चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत' सर्व बालकांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यावं, असं होतं. खालची वयोमर्यादा नव्हतीच! २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आली. शिक्षण मूलभूत हक्क झालं म्हणून आपण पेढे वाटले. पण तो हक्क ६ ते १४ या वयाला मिळाला. सहाच्या आतलं पोर कलम ४५ मध्ये राज्याच्या 'प्रयत्नांवर' सोडून दिलं. श्रीमंताची सोय खासगी नर्सरीत झाली. आपल्याला उरली १९७५ साली सुरू झालेली अंगणवाडी. मूळ कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. पोर बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनं त्याच्या अंगणात जावं. आमच्या गावात ती गेली, पण कुणाच्या अंगणात?

आम्ही बघायला गेलो तर ती वरच्या आळीत, देवळाच्या सभामंडपाला लागून. आमची पोरं दाराजवळ बसलेली, हातात घरचे डबे. गावातल्या पोरांना तिथली स्टीलची ताटं. सेविकेला विचारलं तर आधी म्हणाल्या, "ताटं कमी आहेत." मग आवाज खाली आणला. "दादा, मला याच गावात राहायचंय. मी सगळ्यांना सरमिसळ बसवलं तर उद्या वरची पोरंच येणार नाहीत. पट कमी झाला की मलाच विचारणार." कामाचे तास पूर्ण आणि हातात 'मानधन'. त्यांचं वागणं चूकच होतं, ते तोंडावर सांगितलं. पण सगळा राग त्या एकट्या बाईवर काढून घरी जाणं सोपं होतं, तेही आम्हाला कळत होतं.

त्याहून जास्त लागलं ते परत आल्यावर. वस्तीतल्या एका आक्कांना सांगायला गेलो, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझ्या थोरल्याच्या वेळेपासून असंच आहे. तुम्ही मोर्चातले, तुम्ही कधी इचारलं?" थोरला आता अभ्यासिकेत पोलीस भरतीचा अभ्यास करतो. रोज रात्री आमच्याच समोर बसतो. वर्गात हात वर करायला तो का बिचकतो, यावर आम्ही त्याला आत्मविश्वासाची व्याख्यानं दिली आहेत.

अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ ला आदेश दिलाय. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीत प्राधान्य द्यायचं. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिनं मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. हा आदेश आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हता. आरक्षणाचे निकाल मात्र आम्हाला तारखेनिशी पाठ आहेत.

मग दोन दिवस घरोघर फिरून मुलं मोजली. सत्तेचाळीस भरली. वेगळी अंगणवाडी मागणं म्हणजे गावकुसाबाहेरचं पुन्हा गावकुसाबाहेर ठेवणं नव्हे का, यावर बैठकीत भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. तूर्त दोन्ही गोष्टी चालू आहेत. वस्तीसाठी अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात दिलाय, पोच घेतली आहे. आणि दर मंगळवारी वस्तीतल्या दोन आया वरच्या आळीतल्या अंगणवाडीत जाऊन बसतात, खिचडी वाढून होईपर्यंत. पहिल्या मंगळवारी ताटं पुरली. दुसऱ्या मंगळवारी गावातली चार पोरं आलीच नाहीत.